काटकुळ्या पायांचा राजा

सिग्नल हिरवा झाला तरी मधु चौगुलेनं गाडी हलवली नाही. अल मुंतझाच्या चौकात हिरव्या दिव्याखाली उभं राहणं हा दोह्यातल्या मोजक्या अक्षम्य गुन्ह्यांपैकी एक असल्यामुळे मागचे हॉर्न लगेच सुरू झाले. शेजारी बसलेल्या नयनानं मांडीवरची भाजीची पिशवी घट्ट धरली आणि म्हणाली, "अहो, झोप लागली काय?" झोप लागली नव्हती. त्याच्यासमोरून आत्ताच एक पांढरी बस आडवी गेली होती, आणि तिच्या पुढच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात, त्याची स्वतःची सही होती. हिरवा गोल स्टिकर, त्यावर निळ्या पेनानं 'एम. चौगुले'. ही सही त्यानं मे महिन्यात केली होती, ब्रेक दाबून, टायर लाथाडून, एसीच्या जाळीपुढे तळहात धरून. बस कामगारांची होती. वर्ल्ड कपच्या स्टेडियमच्या कामावरून संध्याकाळी माणसांना कॅम्पवर नेणाऱ्या तीन थंडगार बसेसपैकी एक. आता मात्र तिच्या प्रत्येक सीटला पांढरं शुभ्र कव्हर होतं, खिडक्यांना पडदे होते, प्रत्येक सीटच्या पाठीला एकेक कागदी झेंडा खोचलेला होता, आणि एवढ्या सगळ्या शुभ्रतेत एकच माणूस बसला होता. सूट घातलेला. तो केळं खात होता.

एवढंच. कुणाचा अपघात झाला नाही, कुणी ओरडलं नाही. ऑगस्ट महिना, सूर्य बुडून गेला तरी हवा भट्टीतून काढल्यासारखी, आणि एक माणूस गारव्यात बसून केळं खातोय. मधु गेली अकरा वर्षं कतारमध्ये सेफ्टी मॅनेजर होता आणि एवढ्यातेवढ्यानं गाडी थांबवणाऱ्यांतला नव्हता. पण तासाभरापूर्वी भेंडी निवडताना जहूरचा फोन आला होता. जहूर म्हणजे त्यांच्या परांचीवाल्या टोळीचा फोरमन, बिहारमधल्या मोतिहारीचा, बोलणं कमी. "साब, गाड़ी नहीं आई." आणि मधु भेंडीचं देठ मोडून बघत म्हणाला होता, "आएगी, इन्शाल्ला." देवाच्या भरवशावर बस सोडून त्यानं भेंडी घेतली होती, चांगली कोवळी मिळाली होती. आता त्यानं गाडी कडेला घेऊन जहूरला उलट फोन लावला. बस आली होती. "कौन सी?" मधुनं विचारलं. "वही साब, पुरानी. जिसको आपने मना किया था." टोळीतल्या फजलला वाटेत चक्कर आली, त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, आता बरा आहे. बाकीचे अजून गेटवर उभे आहेत, तीच बस फेऱ्या मारेल. जहूरनं तक्रार केली नाही. नुसतं हवामान सांगावं तसं सांगितलं, आणि मधुला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं.

घरी नयना भेंडी चिरत होती आणि मधु पंख्याकडे बघत पडला होता. त्याच्या डोक्यात घोडी होती. ही घोडी तिथं कशी आली हे दोह्यात कुणालाच सांगता आलं नसतं, कारण ती वळिवड्याहून आली होती आणि त्याआधी पोलंडहून. कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. मधुचे वडील, आबा, तेव्हा शेंबडं पोर होते आणि छावणीत दूध घालायचे. तिथल्या एका म्हाताऱ्या फादरला आबांना काहीतरी शिकवावं असं वाटलं. फादरला मराठी येईना, आबांना पोलिश येईना, इंग्रजी दोघांनाही सारखंच येत नव्हतं. अशा भक्कम पायावर पोलंडचा मध्ययुगीन इतिहास चौगुल्यांच्या घरात आला. तो दुधाच्या चरवीतून आल्यामुळे त्यात पाणी किती हे सांगणं अवघड होतं. आबांनी पुढं आयुष्यभर मधुला झोपवताना तोच सांगितला. इतर पोरं राक्षस आणि राजकन्या ऐकून झोपायची. मधु बिशप आणि ड्यूक यांचे कोर्टकज्जे ऐकून झोपायचा. "एक राजा व्हता, लास्कोनोगी. म्हंजे काटकुळ्या पायांचा. ह्ये आसं पाय, बोरूच्या काडीगत. बिशप मेला की त्याचं समदं सामान ह्यो उचलून न्यायचा. आन् ह्येची माणसं गावात आली की कुळांची घोडी धरून न्यायची. का? तर राजाचा निरोप पोचवायचाय. घोडं आलं तर आलं, मेलं तर मेलं. कुणाच्या बापाचं?" मग बिशप लोक जमले, लेंचित्सा नावाच्या गावी, आणि म्हणाले, जो गरिबाचं घोडं धरील तो आमच्यातून बाद. आठ वर्षांचा मधु विचारायचा, बिशपांकडं सैन्य होतं का? "न्हाई." तलवारी? "न्हाई." मग राजा का घाबरला? आबा अंधारात विडी शिलगवायचे. "घंटा बंद केल्या रं त्यांनी. लगीन लागंना, मढं उचलंना, पोराचं नाव ठेवंना. लोकांना रोज काय देव लागत न्हाई. पर घंटा वाजली न्हाई की म्हशीबी दूध चोरत्यात." म्हशी बहुधा आबांच्या पदरच्या होत्या.

पुढं मधुनं हे सगळं इंटरनेटवर पडताळून पाहिलं, तेव्हा कळलं की आबांनी दोन राजे एकात कालवले होते. लेंचित्साची सभा ११८० सालची, ती दुसऱ्याच राजाच्या वेळची, न्यायी म्हणवल्या जाणाऱ्या कासिमिरच्या. काटकुळ्या पायांचा त्यानंतरचा. तो आर्चबिशपशी भांडला, बहिष्कृत झाला, त्यानं उलट आर्चबिशपलाच देशाबाहेर काढलं, आणि तो बिचारा थेट रोमला पोपकडे जाऊन शिक्कामोर्तब घेऊन परत आला. पण घोड्यांचं खरं निघालं. बिशपांनी खरोखरच तसं फर्मावलं होतं, आणि एक अपवादही ठेवला होता: शत्रू चालून आला असेल तर निरोप्यानं घोडं धरलेलं चालेल. हे वाचून मधुला एवढं समाधान झालं होतं की त्यानं नयनाला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "बरं झालं बाई. घोड्यांची काळजीच होती मला."

दुसरा दिवस शुक्रवार, सुट्टीचा, तो असाच गेला. शनिवारी सकाळी मधु आधी त्या जुन्या बसपाशी गेला. फेब्रुवारीत त्यानं तिला लाल टॅग बांधला होता: ब्रेक कमजोर, एसी मेलेला, मागचं दार आतून उघडत नाही. त्यानं बांधलेला लाल टॅग म्हणजे ती गाडी मेली. मालकानंसुद्धा तिला हात लावायचा नाही असा नियम. टॅग गेला होता. त्या जागी काचेवर एक निळा स्टिकर होता, आकारानं त्याच्या स्टिकरसारखाच, फक्त सही यंत्रसामग्री खात्याची. मधु त्या स्टिकरकडे बराच वेळ बघत राहिला. बस नेली याचा राग त्याला परवाच आला होता. हे वेगळं होतं. राजानं आता स्वतःचे बिशप नेमायला सुरुवात केली होती.

प्रोजेक्ट डायरेक्टर परचुरे पुण्याचे. सौजन्य असं की अपमान झालाय हे माणसाला लिफ्टमध्ये कळायचं. "या चौगुले, बसा. चहा? नाही ना? उत्तम." मधुनं बसचं सांगितलं. परचुऱ्यांनी मान डोलावली. "हो, घेतल्यात. वरून डेलिगेशन यायचंय, काम कुठवर आलं ते बघायला. रविवारी इथं येतील, पुढे आठवडाभर बाकीची स्थळं. त्यांना काय टेम्पोत बसवू?"

"परवा त्यात एकच माणूस होता, साहेब."

"ती रंगीत तालीम होती."

"आपली माणसं दीड तास गेटवर उभी होती. एकाला चक्कर आली."

"संध्याकाळी? संध्याकाळी कसलं आलंय ऊन?" परचुऱ्यांच्या केबिनमध्ये एवढी थंडी होती की त्यांनी स्वेटर घातला होता, त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. "आणि बस दिलीय की दुसरी."

"ती मी बाद केलेली."

"आम्ही पास केली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चौगुले, तुम्ही कोल्हापूरची माणसं भावनाप्रधान. सेफ्टी म्हणजे गाडीचा आरसा. मागचं दाखवायचं, छान स्वच्छ दाखवायचं. स्टिअरिंगला हात लावायचा नाही. एमर्जन्सी आहे, एक आठवडा. खलास."

"शत्रू चालून आलाय का, साहेब?"

"काय?"

"काही नाही. अपवाद असतो तसा."

परचुरे हसले. मग निरोप द्यायला उठून दारापर्यंत आले, कारण ते सौजन्यमूर्ती होते, आणि मधुला आठवलं की मागे एका पिकनिकला ते हाफ पँट घालून आले होते. तेव्हा त्यांचे पाय पाहून त्याला उगीचच एखादी जुनी ओळख पटल्यासारखं झालं होतं. आता कळलं, कुणाची. आपण हसतोय हे लक्षात यायच्या आत तो लिफ्टमध्ये शिरला.

पण लिफ्ट खाली येईपर्यंत हसू उतरलं होतं. मुख्य कंत्राटदाराकडे, म्हणजे रोमला, तक्रार करता आली असती. रोम दोन महिन्यांनी समिती नेमतं. तोवर ऑगस्ट संपेल, डेलिगेशन जाईल, बस परत मिळतील, आणि सगळे म्हणतील, बघा, प्रश्न सुटला. पण निळा स्टिकर राहील. पुढच्या वेळी क्रेनवर लागेल. मधुच्या डोळ्यापुढं फजल आला. त्याचा चेहरा आठवेना, नुसती हेल्मेटखालची मान, त्यावर पाणी ओतलेलं आणि ते लगेच वाळलेलं. संध्याकाळी जेवताना त्यानं नयनाला सांगितलं. ती जेवायची थांबली. "अर्णवचं बारावीचं वर्ष आहे," ती म्हणाली. एवढंच. मग थोड्या वेळानं, ताटाकडे बघत, "फजल म्हणजे तो ईदला शेवया घेऊन आलेला? बारका?" तोच. नयनानं मधुला आणखी एक भाकरी वाढली, न विचारता. ती परवानगी होती की काळजी, हे त्याला वीस वर्षांच्या संसारात कधी कळलं नव्हतं. अर्णवनं मोबाइलमधून मान न उचलता विचारलं, "बाबा, व्हॉट्स युवर लेव्हरेज?" मधु भाकरी मोडता मोडता थांबला. घरात मराठी बोला म्हणून तो रोज ओरडायचा. आज तेही विसरला. त्याच्याकडे काय होतं? सैन्य नव्हतं. तलवार नव्हती. लाल टॅग होते, तेही आता फाडले जात होते. त्याच्याकडे होतं फक्त एक लाकडी स्टूल आणि रोजचं दहा मिनिटांचं प्रवचन, जे या पृथ्वीतलावर कुणीही ऐकत नव्हतं.

या प्रवचनाला साइटवर टूलबॉक्स टॉक म्हणतात. पहाटे, कामाआधी, नऊशे माणसं पटांगणात रांगेनं उभी राहतात आणि सेफ्टी मॅनेजर स्टुलावर चढून सांगतो की उंचावरून पडू नका. नऊशे माणसं हेल्मेटाखाली, उभ्या उभ्या, अतिशय शिस्तीत झोपतात. माणसं झोपतात म्हणूनच मधुनं काही वर्षांपूर्वी एक युक्ती काढली होती: शेवटी तीन प्रश्न विचारायचे आणि सगळ्यांनी मोठ्यानं उत्तर द्यायचं. पानी पिया? पट्टा बांधा? घर जाना है? तिन्हींना 'हां जी'. वरच्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्याचा नियम करून टाकला: माणसांचा होकार ऐकल्याशिवाय सुपरवायझरनं सही करायची नाही, सहीशिवाय परवाना नाही, परवान्याशिवाय क्रेनची किल्ली नाही. हे सगळं मधुला माहीत होतं. जसं माणसाला आपल्याला दोन फुप्फुसं आहेत हे माहीत असतं.

रविवारी पहाटे तो स्टुलापाशी गेला आणि चढला नाही. त्यानं रुमालानं स्टूल पुसलं, आणि त्यावर बसला. शेजारी त्याची सहायक सिमोना उभी होती, वसईची, हातात हजेरीचं पॅड. तिनं वाट पाहिली. मग खाली वाकून म्हणाली, "सर, बरं वाटत नाही का?"

"छान वाटतंय. आज प्रवचन नाही."

"म्हणजे?"

"तुमचे बिशप चिडले की काय करायचे?"

सिमोनानं विचार केला. "आमचे बिशप चिडले की पत्रक वाचायला लावतात, सर. फार लांब असतं." मग तिनं पटांगणाकडे पाहिलं, गेटबाहेर उभ्या असलेल्या त्या निळ्या स्टिकरच्या बसकडे पाहिलं, आणि पेनाला टोपण लावलं. टक् असा आवाज झाला. तो ऐकू आला, म्हणजे किती शांत होतं बघा.

आणि मग मधुनं जे पाहिलं ते त्याला आयुष्यात कुठल्याही भाषणानं साधलं नव्हतं. माणसं जागी होऊ लागली. त्याच्या आवाजाची त्यांना इतकी सवय होती की आवाज नाही म्हटल्यावर झोप मोडली, गाडीचा पंखा बंद पडल्यावर मोडते तशी. एकेक हेल्मेट वर झालं. पहिली रांग, मग मागची, मग थेट कुंपणापर्यंत. नऊशे माणसं टक्क जागी, स्टुलावर बसलेल्या एका माणसाकडे बघत. अकरा वर्षांत प्रथमच सगळे ऐकत होते, आणि तो काही बोलत नव्हता. मागे स्टेडियमचा अर्धा सांगाडा उजळत चालला होता. सगळ्या क्रेन माना वर करून स्तब्ध उभ्या. दहाला डेलिगेशन येणार होतं, हलत्या क्रेन बघायला. मधुच्या कानात रक्त वाजत होतं. ती भीती होती, पण तिच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं, थंड आणि स्वच्छ, लहानपणी चरवीच्या तळाशी हात लागायचा तसं.

परचुरे आले तेव्हा ते पळत नव्हते, पण चालतही नव्हते. "काय चाललंय? क्रेन का बंद?" सुपरवायझर म्हणाला, सही नाही. सही का नाही? होकार नाही. होकार का नाही? प्रश्नच नाही. परचुऱ्यांनी मधुकडे पाहिलं, मग सिमोनाकडे. "तुम्ही घ्या टॉक."

"मी, सर?" सिमोना म्हणाली. "माझा घसा बसलाय." हे ती खणखणीत आवाजात म्हणाली.

"उठा, चौगुले." मधु उठला. परचुऱ्यांनी स्वतः स्टूल ओढलं आणि चढले. राजानं चर्चमधली मास-प्रार्थना स्वतःच म्हणायला घेतली. वर उभे राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की काय बोलायचं ते आपल्याला माहीत नाही. कंपनीची सगळी सेफ्टी त्यांनीच मंजूर केली होती, पण वाचली नव्हती. "सेफ्टी फर्स्ट," ते म्हणाले. थोडा वेळ गेला. "सेफ्टी हमारे लिए बहुत... फर्स्ट है." मग त्यांनी थेट शेवटाकडे उडी मारली. "पानी पिया?"

कुणी बोललं नाही. नऊशे माणसांचं न बोलणं वजनदार असतं. परचुऱ्यांच्या पँटचे पाय वाऱ्यानं फडफडले आणि आत किती कमी ऐवज आहे ते सगळ्यांना दिसलं. "पानी पिया?" त्यांनी पुन्हा विचारलं, जरा वरच्या पट्टीत. पहिल्या रांगेतून जहूरनं हेल्मेट काढून काखेत धरलं आणि अदबीनं विचारलं, "साब, बस किधर है?"

मधुनं हे ठरवलेलं नव्हतं. त्यानं जहूरला फोन केला नव्हता, कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं होतं घंटा आपण बंद केली. आता दिसलं, दोर नऊशे हातांत होता. आपण फक्त आपला हात सोडला. एरवी असा शोध लागला तर माणूस खट्टू होतो. मधुला मात्र हसू आवरेना.

परचुरे स्टुलावरून उतरले, मधुला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, शुद्ध मराठीत म्हणाले, "हे ब्लॅकमेल आहे, चौगुले."

"नाही साहेब. हे अकराशे ऐंशी आहे."

"कुठल्या काँट्रॅक्टमधलं?"

"फार जुन्या."

परचुऱ्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. त्यांनी तिथूनच कंत्राट विभागाला फोन लावला. अकराशे ऐंशी क्रमांकाचं कलम काय आहे बघा, आत्ताच्या आत्ता. मधु त्यांची चूक दुरुस्त करणार होता, पण त्याला कुणी विचारलं नाही. तिकडून उत्तर यायला पाव तास लागला. असं कलम सापडत नाही, पण नसेलच असं लिहून द्यायला विभाग तयार नाही. मूळ कराराला इतक्या पुरवण्या आहेत की त्या तपासून होईपर्यंत सेफ्टीशी जुळवून घ्यावं हे उत्तम. सापडलेल्या कलमातून वाट काढता येते. न सापडलेल्या कलमापुढं परचुऱ्यांसारख्या माणसाचंही काही चालत नाही. ते क्रेनकडे बघत राहिले. सूर्य वर आला होता आणि त्यांच्या कपाळावर घाम जमला होता. ते बिचकून तो हातानं चाचपत होते, जणू दुसऱ्याच कुणाचा आहे.

"आज संध्याकाळी," ते म्हणाले.

"तिन्ही?"

"तिन्ही."

"आणि तो निळा स्टिकर?"

परचुऱ्यांनी ओठ आवळले. मग ते गेटबाहेर उभ्या असलेल्या जुन्या बसपर्यंत चालत गेले आणि नखानं स्टिकर खरवडू लागले. चांगल्या प्रतीचा होता, लवकर निघेना. नऊशे माणसं बघत उभी होती. कुणी हसलं नाही, त्यांना हसायची घाई नव्हती. स्टिकर निघाला तसा मधुनं खिशातून लाल टॅग काढला, दाराच्या कडीला बांधला आणि मागं वळला. स्टुलावर चढावं लागलं नाही. त्यानं जमिनीवरूनच विचारलं, "पानी पिया?"

क्रेनवरची कबुतरं उडाली.

संध्याकाळी तिन्ही बसेस गेटवर होत्या, सजावटीसकट. कव्हरं काढायची कुणाला आठवण झाली नव्हती, किंवा परचुऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. सिमेंटनं माखलेली माणसं आत शिरली आणि त्या शुभ्र सीटवर टेकायला बिचकली. मग जहूर पहिला बसला, चांगला ऐसपैस, आणि पाठीमागे डोकं टेकलं. कव्हरवर त्याच्या डोक्याचा करडा शिक्का उमटला. एसीचा गारवा दारातून मधुच्या घोट्यांवर येत होता. फजलनं सीटवरचा कागदी झेंडा उपसला आणि खिडकीच्या फटीतून बाहेर काढून हलवायला लागला, मग सगळेच हलवायला लागले, आणि तीन बसेस कॅम्पकडे, एशियन टाउनच्या रस्त्याला अशा लागल्या की जाणाऱ्यायेणाऱ्यांना वाटलं, डेलिगेशन हेच. खरं डेलिगेशन दुपारीच परचुऱ्यांच्या मोठ्या गाडीतून, जरा दाटीवाटीनं, परत गेलं होतं.

मधुनं तिथूनच वळिवड्याला फोन लावला. आबा आता चौऱ्याऐंशीचे, ऐकू कमी येतं. "आबा, राजानं घोडी परत दिली!" तो ओरडला. आजूबाजूचे वॉचमन बघायला लागले.

"कुठल्या राजानं?"

"काटकुळ्या पायांच्या!"

पलीकडे काडी ओढल्याचा आवाज आला. "समदी?"

"समदी! तीन!"

"रोमला जावं लागलं?"

"नाही आबा. इथंच मिटलं."

"मग तुझा बिशप त्या बिशपापरीस भारी म्हणायचा," आबा म्हणाले, आणि लगेच व्यवहारावर आले. "उद्या घंटा वाजीव. लई दिवस बंद ठेवायची नस्ती. म्हशी बिघडत्यात."

दुसऱ्या दिवशी पहाटे मधु स्टुलावर चढला. नऊशे हेल्मेटं त्याच्याकडे वळलेली होती आणि काल काय झालं ते प्रत्येकाच्या डोळ्यांत होतं. त्यानं घसा साफ केला आणि रोजच्याच वाक्यानं सुरुवात केली, की उंचावर काम करताना पट्टा दोन ठिकाणी अडकवावा. पहिली रांग झोपली. दुसऱ्या वाक्याला मधल्या रांगा गेल्या, तिसऱ्याला कुंपणाजवळच्या. मग जहूरचीही मान हळूच छातीवर आली. पटांगणभर पूर्वीसारखी गाढ, निर्धास्त शांतता पसरली. मधुनं ती पाहिली, आणि आवाज जरा खाली आणला.